पिंपाची जागा

"दाजी, फुल टाका. हाफच्या भानगडीत पडू नका," गाडीखाली डोकावत भिंगरी म्हणाला.

मिस्त्री गाडीखाली पाठ टेकून पडला होता. नाकावर ग्रीसचा गोळा पडलेला आणि दोन्ही हात नटाशी झटापट करण्यात गुंतलेले. "आधी नाक पूस माझं," तो म्हणाला. "फुल की हाफ ते मग बघू."

भिंगरीने फडकं घेतलं, गुडघ्यावर बसला आणि दाजींचं नाक पुसलं. पुसलं ते डाव्या हाताने. उजवा हात त्याने मांडीवर ठेवला होता आणि तो तिथून हलला नाही. मिस्त्रीने ते पाहिलं आणि पुन्हा नटाकडे वळला. नट निदान पान्याला तरी जुमानत होता.

हा भिंगरी म्हणजे मिस्त्रीच्या बायकोचा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली तरी नाव भिंगरीच. लहानपणी घटकाभर एका जागी टिकत नसे, म्हणून बहिणीने ठेवलेलं. पुढे ट्रकवर गेल्यावर ड्रायव्हर मंडळींना वाटलं, स्टिअरिंग गरागरा फिरवतो म्हणून पडलं असेल. त्यानेही कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. गाडी त्याची स्वतःची, उंच चाकांची. डोंगरावरच्या खाणीत माणसं राहत, त्यांचं रेशन, पाइप, यंत्रांचे सुटे भाग, सगळं तो कोरड्या ओढ्यातून धोंड्यांवरून वर पोचवत असे. रस्ता म्हणावं असं तिथे काही नव्हतंच. काल जिथून गाडी गेली तो आजचा रस्ता.

आणि मिस्त्री म्हणजे स्टिअरिंगचा माणूस. डोंगराच्या पायथ्याशी त्याची पत्र्याची शेड होती आणि तिथे तो दुसरं कसलंही काम घेत नसे. इंजिनाचं काम घेऊन कुणी आलं तर सरळ पुढच्या गॅरेजचा रस्ता दाखवायचा. "इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते. स्टिअरिंग गेलं तर गाडी थांबत नाही," एवढंच त्याचं म्हणणं. तरुणपणी हे वाक्य तो छाती पुढे काढून म्हणायचा, आता नुसतं म्हणायचा. साठी केव्हाच उलटली होती. गाडीखालून उठताना टायरला धरून उठावं लागे, आणि उठल्यावर कशासाठी उठलो ते आठवायला थोडा वेळ लागे.

आता हाफ काय आणि फुल काय, हे सांगायला हवं. नाहीतर पुढचं भांडण कळायचं नाही. जुन्या ट्रकमध्ये स्टिअरिंगपासून चाकापर्यंत सगळं लोखंड असतं. स्टिअरिंगखाली एक डबा, डब्यातून निघालेला दांडा, दांड्याला जोडलेली चाकं. हाफ हायड्रॉलिक करायचं म्हणजे हे लोखंड तसंच ठेवायचं आणि बाजूला तेलाच्या दाबावर चालणारा एक सिलिंडर बसवायचा. तो चाकं ढकलायला मदत करतो. मदतच, काम आपलं आपणच करायचं. पण तेल गेलं, इंजिन बंद पडलं, तरी लोखंड जागेवर असतं. जोर लावला की गाडी वळते.

फुलमध्ये तो दांडा काढूनच टाकतात. स्टिअरिंग फिरवलं की नुसतं तेल इकडून तिकडे जातं आणि तेलच चाकं वळवतं. एका बोटाने वळते गाडी. चाक धोंड्यावर आपटल्याचा झटका हातापर्यंत येतच नाही. सुखच सुख. फक्त तेल नेणारी रबरी नळी, म्हणजे एखादा होस, फुटला की ते सुख संपलं. मग स्टिअरिंग हातात नुसतं फिरत राहतं आणि चाकं त्यांना हवी तिकडे जातात.

मिस्त्रीचा फुलवर राग नव्हता. खाणीच्या आत, जिथे गाड्या माणसाच्या चालीने चालतात आणि फार तर दगडाला धडकतात, तिथल्या गाड्यांना त्याने स्वतः फुल बसवून दिलं होतं. पण भिंगरीच्या वाटेत वस्तीचा उतार होता. गोदामातून भरलेली गाडी निघाली की आधी त्या पक्क्या सडकेने खाली उतरायचं, मग ओढा. सडकेच्या दोन्ही अंगांना दुकानं, मधेच शाळा, आणि माणसं अशी चालायची जणू सडक त्यांच्या अंगणातून गेली आहे.

"खाणीच्या आतच चालवणार असशील तर आजच बसवतो," गाडीखालून बाहेर सरकत मिस्त्री म्हणाला. "पण मधे उतार आहे."

"उतार काय मला नवा आहे? डोळे मिटून उतरतो मी."

"डोळे मीट हवं तर. दांडा असू दे."

"होस फुटतात कुठे हल्ली, दाजी?"

"फुटेपर्यंत एकही फुटत नाही."

भिंगरी हसला नाही. एरवी हसला असता. "धोंड्यावर चाक आदळलं की झटका इथवर येतो," त्याने डाव्या हाताने उजवं कोपर दाखवलं. "तेल आपल्यासाठी राबायला तयार आहे, तर राबू दे की. वय झालं माझं. बाकी काही नाही."

बाकी काही नाही, हे खोटं होतं. सकाळी मिस्त्री केबिनमध्ये चढला होता तेव्हाच त्याने स्टिअरिंगचं कव्हर पाहिलं होतं. डावी बाजू झिजून आतले दोरे निघालेले. उजवी बाजू कोरी, वर धुळीचा थर. ही एवढी गाडी एकाच हातावर चालली होती, आणि ती काही कालपासून नव्हे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी या माणसाने मूठ झाकली होती. मिस्त्रीने ती उघडली नाही.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर बायकोने ताट वाढलं आणि स्वतःचं न वाढताच समोर बसली. मिस्त्रीने ओळखलं की आज जेवण सुखाचं होणार नाही.

"आला होता तो दुपारी. तुम्ही नाही म्हणालात म्हणे."

"नाही कुठे म्हणालो? उद्या सांगतो म्हणालो."

"तुमच्या उद्या सांगतोचा अर्थ मला लग्नापासून माहीत आहे."

मिस्त्री जेवत राहिला. ती थोडा वेळ त्याच्या हाताकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "त्याच्या शर्टाची बटणं कोण लावतं, ठाऊक आहे तुम्हाला?"

"बटणं?"

"मी लावते. गेल्या थंडीपासून. रोज सकाळी गाडीवर जायच्या आधी चहाला येतो ना? चहाला येत नाही तो."

घास मिस्त्रीच्या हातातच राहिला. मेव्हणा रोज सकाळी शर्ट उघडा टाकून येतो हे त्याने पाहिलं होतं. म्हातारपणी ऐट सुचली, असं त्याला वाटलं होतं. एकदा तर, "काय रे, छाती दाखवायला बायको बघतोयस का दुसरी?" अशी थट्टाही केली होती, आणि भिंगरी त्यावर पोट धरून हसला होता. ते हसणं त्याला आता आठवलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"त्याने शपथ घातली होती. आता मोडली मी." तिने ताटातलं काहीतरी उगाच सारखं केलं. "डॉक्टर म्हणाले, खांद्यातलं सगळं झिजलंय. आहे तेवढं सांभाळा. हात इथून वर जात नाही त्याचा," तिने कोपर बरगडीशी धरून दाखवलं.

"मग त्याने गाडी चालवायलाच नको."

"आणि करायचं काय? बायको गेली, लेक लांब दिली. घरी बसून भिंतींशी बोलायचं? अहो, तो चालत गेला तर वस्तीतलं कुत्रंसुद्धा ओळखत नाही त्याला. गाडीचा हॉर्न वाजला की सगळे हात करतात." ती थांबली. "तुम्ही फुल बसवा. तुमच्या हातचा होस नाही फुटायचा."

"कुणी बसवलाय ते होसला कळत नसतं."

"कळतं."

"अगं, उतारावर शाळा आहे."

"शाळेचं मला नका सांगू. आई गेली तेव्हा हा एवढासा होता. माझ्या कडेवर वाढलाय. खांदा माझाही गेला असेल तेव्हाच. मला तुमच्या सडकेचं काही घेणंदेणं नाही. मला माझा भाऊ जसा आहे तसा हवा."

हे ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर मिस्त्रीला बरं वाटलं असतं, राग सकाळपर्यंत उतरतो. तिने उठून पाणी आणलं, त्याच्यासमोर ठेवलं आणि आत निघून गेली. इकडे आड आणि तिकडे विहीर, आणि मधे हा माणूस उष्ट्या हाताने बसलेला. भिंगरीवर त्याचा जीव होता. स्वतःला पोर झालं नाही, त्याची उणीव या पोराने भरून काढली होती, हे त्याने कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, बायकोलाही नाही. पण डोळे मिटले की त्याला तो उतार दिसायचा, आणि त्यावर जिवाच्या आकांताने नुसतंच स्टिअरिंग फिरवणारा भिंगरी दिसायचा.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आल्या आल्या त्याने सांगून टाकलं. "हाफ बसवतोय."

भिंगरी टायरवर बसला होता. "बरं," तो म्हणाला.

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण त्या एका 'बरं'चा मार मिस्त्रीलाच बसला. "पुढचा गॅरेजवाला फुल बसवून देईल तुला," तो म्हणाला. "मी अडवणार नाही."

"जायचं असतं तर तुम्हाला विचारलंच नसतं. तुम्ही नाही म्हणालेली गाडी चालवायची म्हणजे..." भिंगरीने वाक्य तिथेच सोडलं आणि दुसरं धरलं. "पिंप चुकवायला लावणार ना?"

"सगळ्यांना लावतो."

"लावा. हाफवर चुकवतो मी."

हे पिंपाचं प्रकरण त्या भागातल्या सगळ्या ड्रायव्हरांना तोंडपाठ होतं. शेडच्या मागे एक मातीचा उतार होता आणि उताराच्या तळाशी, अगदी समोर, एक रिकामं लोखंडी पिंप उभं असे. वाऱ्याने हलू नये इतकीच वाळू त्यात. काम झालेली गाडी मालकाने उतारावर न्यायची, इंजिन बंद करायचं आणि गाडी तशीच खाली सोडायची. तेलाची मदत बंद, जे काय ते लोखंड आणि हात. पिंपाला न लागता उजवीकडे वळलात की गाडी घेऊन जा. पिंप पडलं तर पाडणाऱ्याने गाडी शेडबाहेर न्यायची नाही, दुसरा ड्रायव्हर बोलवायचा. दोष गाडीत असेल तर मिस्त्री पुन्हा गाडीखाली जाई. दोष माणसात असेल तर तो काहीच बोलत नसे. अंगाने दांडगे, मिशीवाले ड्रायव्हर पिंप पाडून खाली मान घालून गेलेले लोकांनी पाहिले होते. आजवर त्याने कुणाला सूट दिली नव्हती. वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहून पिंपाचा गोल मातीत रुतून बसला होता.

काम पुढचे काही दिवस चाललं. बोलणं कमी झालं. भिंगरी डाव्या हाताने पाने पुढे करायचा आणि मिस्त्री ते मुकाट्याने घ्यायचा. मायेने जे करता येईल ते त्याने लोखंडात केलं. नेहमीपेक्षा एक माप मोठा सिलिंडर बसवला, दांड्याच्या टोकांचे सांधे नवे घातले, प्रत्येक जोड पुन्हा पुन्हा हलवून पाहिला. हात फिरवताना कुठे अडू नये, कुठे करकरू नये. पण इंजिन बंद झाल्यावर मोठा सिलिंडर कामाचा नव्हता, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

चाचणीच्या सकाळी तो शेडवर आला तर बायको आधीच तिथे. तिच्या हातात चहाचा थर्मास होता. इतक्या वर्षांत ती शेडवर कधी चहा घेऊन आली नव्हती.

"सहज आले," तिने न विचारताच सांगितलं.

मिस्त्री मागच्या बाजूला गेला आणि उभाच राहिला. पिंप जागेवर नव्हतं. मातीतला गोल रिकामा पडला होता आणि पिंप त्याच्या बरंच मागे, ओढून नेलेलं. ओढल्याची रेघ स्पष्ट दिसत होती, मधेमधे थांबून दम घेतल्यासारखी तुटलेली. वळायला तेवढीच जास्त जागा. त्याने वळून शेडकडे पाहिलं. बायको थर्मासचं झाकण घट्ट करत होती, मग सैल करत होती, मग पुन्हा घट्ट.

पिंप परत जागेवर आणायला मिस्त्रीला काही अवघड नव्हतं. तो दोन पावलं पुढे गेलाही. मग तिच्या वयाच्या बाईने हे एकटीने कसं ओढलं असेल, ते त्याच्या डोळ्यांसमोर आलं, आणि त्याने कानाडोळा केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

भिंगरी आला तो शर्टाची सगळी बटणं लावून; बहीण घरून निघायच्या आधीच तो चहाला येऊन गेला होता. केबिनमध्ये चढला, मिस्त्री शेजारी बसला. इंजिन चालू असेपर्यंत सगळं झकास होतं. गाडी शेडबाहेर निघाली, वळली, उतारावर चढली, आणि मोठ्या सिलिंडरने स्टिअरिंग इतकं हलकं केलं होतं की भिंगरीच्या तोंडावर जुनं हसू आलं. "लोणी केलंत हो दाजी," तो म्हणाला.

वर जाऊन त्याने गाडी फिरवली आणि इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. त्याने ब्रेक सोडला.

गाडी आधी जडपणे हलली, मग आपल्याच वजनाने उतरू लागली. समोर पिंप. भिंगरीने स्टिअरिंग उजवीकडे घेतलं. थोडं आलं. त्याने डाव्या हाताने रेटलं, आणखी थोडं आलं. आता उजव्या हाताने खेचायला हवं होतं. त्याने तो वर नेला, कड धरली आणि खेचली, आणि मिस्त्रीने त्याचं तोंड पाहिलं. आवाज आला नाही. हात स्टिअरिंगवरून निसटून खाली मांडीवर पडला. स्टिअरिंग अर्ध्यावर अडलं. पिंप जवळ येत होतं, आणि भिंगरी एकटा डावा हात लावून, दात आवळून, उठून उभा राहायला बघत होता. त्याच्या गळ्याजवळचं बटण तटकन सुटलं.

मिस्त्रीने दोन्ही हातांनी स्टिअरिंगची आपल्याकडची कड धरली आणि जीव खाऊन वर रेटली.

चाकं वळली. पिंप खिडकीच्या बाजूने, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून, मागे गेलं. गाडी सपाटीवर येऊन थांबली.

"चुकवलं की रे," शेडकडून बहिणीचा आवाज आला.

केबिनमध्ये दोघं नुसते धापा टाकत होते. एक पिंप चुकवायला तीन हात लागले होते.

"दाजी, तुम्ही हात घातलात," भिंगरी समोर बघत म्हणाला.

"घातला."

"कधी कुणासाठी घातला होतात?"

"नाही."

भिंगरीने मान हलवली. मग त्याने खिडकीबाहेर डोकं काढून मागे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिला. मातीतल्या त्या रिकाम्या गोलावर त्याच्याच गाडीच्या टायरची नक्षी उमटली होती. अगदी मधोमध.

"आणि पिंप जागेवर नव्हतं."

"नव्हतं," मिस्त्री म्हणाला.

"तुम्ही?"

"नाही."

मग भिंगरीने शेडच्या दाराशी उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही. दार उघडून तो खाली उतरला आणि चालत पिंपापाशी गेला. घाई केली नाही. पिंपाच्या काठाला डावा हात लावला, पाय रोवला आणि ढकललं. पिंप धाडकन आडवं झालं, थोडं गडगडलं आणि थांबलं. वाळू बाहेर सांडली.

बहीण धावत आली. "अरे, काय करतोस? लागलं नव्हतं ते. मी बघितलंय ना, लागलं नव्हतं."

"जागेवर असतं तर पडलंच असतं, ताई."

तिने दोन्ही तळहात पाठीमागे घेतले, पण गंजाचा लाल रंग दोघांनीही पाहिला होता.

"गाडी उतारावर अशीच सुटली असती," तो हळूच म्हणाला. "हाफ असो की फुल असो." मग मिस्त्रीकडे वळला. "किल्ली आतच आहे, दाजी. खाणवाल्यांना सांगतो, माझ्या गाडीवर दुसरा ड्रायव्हर येईल म्हणून. गाडी चांगली झालीय. त्याचे हात टिकतील."

मिस्त्रीने मान डोलावली. मग तो वाकला आणि पिंपाची एक कड धरली. भिंगरीने डाव्या हाताने दुसरी धरली. बहीण क्षणभर उभी राहिली आणि मग तीही आली. तिघांनी ते उभं केलं, सांडलेली वाळू ओंजळीने आत टाकली आणि ओढत ओढत परत त्याच्या गोलात नेऊन ठेवलं. तळ खाचेत बसला. दुपारी आणखी एक गाडी चाचणीला यायची होती.

तेव्हा बहिणीचं लक्ष त्याच्या गळ्याकडे गेलं. इतके दिवस ती हे दाराआड करत आली होती. आता नवऱ्यासमोर, भर उजेडात, ती भावाच्या पुढ्यात उभी राहिली आणि गंजाने माखलेल्या बोटांनी सुटलेलं बटण लावू लागली. बटण काजात जाईना. पांढऱ्या शर्टावर लाल ठसे उमटले. लहानपणी घटकाभर एका जागी न टिकणारा तो, बटण लागेपर्यंत हलला नाही.